बटण दाबल्यापासून चेंडू हलेपर्यंत : संगणकावरील क्रीडाखेळांतील इनपुट लॅगचा आढावा

फुटबॉल, क्रिकेट, बास्केटबॉल किंवा मोटारशर्यत यांवर बेतलेल्या व्हिडिओ गेममध्ये खेळणाऱ्याने कंट्रोलरवरील बटण दाबल्यापासून त्याचा परिणाम पडद्यावर दिसेपर्यंत जो काळ जातो, त्याला इनपुट लॅग म्हटले जाते. हा काळ मिलिसेकंदांत, म्हणजे सेकंदाच्या हजाराव्या भागांत मोजतात, आणि इतक्या सूक्ष्म मापामुळेच त्याचे महत्त्व प्रथमदर्शनी ध्यानात येत नाही. ताशी १४० किलोमीटर वेगाने टाकलेला चेंडू सेकंदाला सुमारे ३९ मीटर अंतर कापतो. ५० मिलिसेकंदांत तो जवळजवळ दोन मीटर पुढे सरकतो, आणि संपूर्ण खेळपट्टीची लांबी अवघी २०.१२ मीटर असते. तेव्हा ज्या संगणकावर ५० मिलिसेकंदांचा अनावश्यक विलंब शिरला आहे, त्यावर क्रिकेटचा खेळ खेळणारा माणूस दोन मीटर मागे असलेला चेंडू पाहून बॅट फिरवत असतो. हा विलंब बहुतेक वेळा यंत्राच्या दुबळेपणातून आलेला नसतो. तो वाटेत ठिकठिकाणी लागलेल्या रांगांतून आलेला असतो, आणि म्हणूनच तो कमी करण्यासाठी दरवेळी नवे यंत्र घ्यावे लागत नाही.

या विषयावरील संशोधनात क्रीडाखेळांना आरंभी काहीसे सौम्य लेखले गेले. अमेरिकेतील वूस्टर पॉलिटेक्निक इन्स्टिट्यूटमधील जेम्स निकोल्स आणि मार्क क्लेपूल यांनी २००४ मध्ये ‘मॅडन एनएफएल फुटबॉल’ या खेळावर नेटवर्कमधील विलंबाचा अभ्यास केला आणि सुमारे अर्ध्या सेकंदापर्यंतच्या विलंबाने खेळाच्या निकालात फारसा फरक पडत नाही, असे त्यांना आढळले. पुढे २००६ मध्ये मार्क क्लेपूल आणि कजल क्लेपूल यांनी खेळांचे जे वर्गीकरण मांडले, त्यात नेमबाजीच्या आणि शर्यतीच्या खेळांसाठी विलंबाची सह्य मर्यादा सुमारे १०० मिलिसेकंद, क्रीडाखेळांसाठी ५०० मिलिसेकंद आणि व्यूहरचनेच्या खेळांसाठी एक सेकंद अशी धरली होती. एखाद्या कृतीला किती अचूकता लागते आणि ती किती मुदतीत पुरी व्हावी लागते, या दोन निकषांवर विलंबाची बाधा ठरते, हे या मांडणीचे मर्म आजही टिकून आहे. तथापि त्यातील ५०० हा आकडा सर्व क्रीडाखेळांना सरसकट लावणे योग्य नाही. संघाला चाल नेमून देणे किंवा मोकळ्या सहकाऱ्याकडे चेंडू सरकवणे या कृतींना मुदत सैल असते. परंतु ‘एनबीए २के’मध्ये उडीच्या शिखरावर बटण सोडणे, ‘फिफा १९’ने आणलेल्या पद्धतीप्रमाणे पाय चेंडूला लागतानाच दुसऱ्यांदा बटण दाबणे, किंवा क्रिकेटमध्ये फटक्याचा क्षण साधणे या कृती त्याच खेळांच्या पोटात असूनही त्यांची मुदत नेमबाजीइतकीच कडक असते. एका सामन्यात अशा दोन्ही जातींच्या कृती एकत्र नांदतात, आणि खेळणाऱ्याची तक्रार बहुधा दुसऱ्या जातीबद्दल असते.

दृश्य पाहून माणसाला प्रतिसाद द्यायला २०० मिलिसेकंदांहून अधिक वेळ लागत असताना २०–३० मिलिसेकंदांची काटकसर कशासाठी, असा आक्षेप नेहमी घेतला जातो. तो वरवर बिनतोड वाटतो, पण त्यात एक गोष्ट नजरेआड होते. फलंदाज चेंडू बॅटजवळ आल्यावर निर्णय घेत नाही. तो चेंडूची वाट आधीच ताडतो आणि भविष्यातल्या एका क्षणावर नेम धरतो. अशा पूर्वअंदाजाच्या कामात माणसाची चूक प्रतिक्रियेच्या काळापेक्षा कितीतरी लहान असते, आणि म्हणून थोडासा विलंबही तिच्या मानाने मोठा ठरतो. यातूनच दुसरी, तितकीच महत्त्वाची बाब निघते. विलंब कायम तेवढाच राहिला तर हात काही काळाने त्याला सरावतो आणि बटण नकळत आधी दाबू लागतो. पण तोच विलंब एका चेंडूला ३० आणि पुढच्याला ७० मिलिसेकंद असा डोलत राहिला, तर कोणताही सराव कामी येत नाही. त्यामुळे विलंब कमी करणे आणि तो स्थिर करणे ही दोन उद्दिष्टे आहेत, आणि दोन्हींत निवड करण्याची वेळ आली तर क्रीडाखेळांत स्थिरतेला झुकते माप द्यावे लागते.

बटणाचा दाब पडद्यापर्यंत ज्या मार्गाने जातो, त्यातील पहिला टप्पा कंट्रोलरचा. संगणक यूएसबीवरून कंट्रोलरची ठराविक अंतराने विचारपूस करतो. ती सेकंदाला १२५ वेळा होत असेल तर दोन विचारणांत ८ मिलिसेकंदांचे अंतर पडते, १,००० वेळा होत असेल तर एका मिलिसेकंदाचे. तारेचा कंट्रोलर बिनतारीपेक्षा नेहमीच जलद असतो हा समज मात्र सर्वत्र खरा नाही, कारण सोनीच्या ‘ड्युअलशॉक ४’सारखा कंट्रोलर ब्लूटूथवरून तारेपेक्षा अधिक वेळा माहिती पाठवू शकतो, फक्त आजूबाजूच्या बिनतारी गर्दीत त्या माहितीची नियमितता बिघडण्याचा धोका असतो. कंट्रोलरवरील दिशा देणाऱ्या काठीच्या मध्याभोवती ठेवलेला निष्क्रिय पट्टा, ज्याला डेड झोन म्हणतात, तो गरजेपेक्षा मोठा असला तर अंगठ्याला अधिक अंतर चालावे लागते आणि तोही विलंबच होय. या टप्प्यावर वाचणारा वेळ थोडा असतो, आणि त्यावर होणारी चर्चा त्या मानाने फार असते.

विलंबाचा खरा साठा पुढे आहे. खेळाचे इंजिन दर फ्रेमला एकदा कंट्रोलरची स्थिती वाचते, तीवरून खेळाडूंची व चेंडूची नवी जागा ठरवते आणि ते चित्र कसे काढायचे याच्या सूचना प्रोसेसरकरवी ग्राफिक्स कार्डाकडे पाठवते. फ्रेम म्हणजे पडद्यावरील एक स्थिर चित्र. सेकंदाला ६० फ्रेम असतील तर प्रत्येकीच्या वाट्याला १६.७ मिलिसेकंद येतात, १४४ असतील तर ६.९ आणि २४० असतील तर ४.२. ग्राफिक्स कार्ड आपल्या कमाल क्षमतेने राबत असेल आणि प्रोसेसर त्याच्यापेक्षा वेगवान असेल, तर प्रोसेसर थांबत नाही. तो पुढच्या फ्रेमच्या सूचना तयार करून रांगेत लावत जातो. डायरेक्टएक्स ११ पर्यंतच्या व्यवस्थेत या रांगेची मूळ मर्यादा तीन फ्रेमची असते. सेकंदाला ६० फ्रेमच्या वेगाने तीन फ्रेम रांगेत उभ्या राहिल्या तर तेथेच ५० मिलिसेकंद जमा होतात, म्हणजे आरंभी सांगितलेले चेंडूचे दोन मीटर. फ्रेमदर दाखवणारा कोपऱ्यातला आकडा याविषयी काहीच सांगत नाही, कारण तो दर सेकंदाला किती चित्रे निघाली हे मोजतो. त्यांतले प्रत्येक चित्र किती शिळे आहे हे त्याला ठाऊक नसते.

या रांगेत आणखी भर घालणारी सोय म्हणजे व्ही-सिंक. मॉनिटर चित्र वरून खाली ओळीओळीने उमटवतो. ते उमटत असतानाच ग्राफिक्स कार्डाने नवे चित्र दिले तर पडद्याच्या वरच्या भागात जुने आणि खालच्या भागात नवे दृश्य येऊन मधे आडवी फाट दिसते, जिला टेअरिंग म्हणतात. व्ही-सिंक नवे चित्र मॉनिटरची फेरी पुरी होईपर्यंत अडवून धरतो, त्यामुळे फाट जाते. पण अडवलेल्या चित्रामागे पुढची चित्रे तुंबतात आणि हा ताण उलट्या दिशेने थेट इंजिनापर्यंत पोहोचतो. नेमबाजीचे खेळ खेळणारे म्हणूनच व्ही-सिंक सरळ बंद ठेवतात. क्रीडाखेळांत हा उपाय इतका सोपा नाही, आणि या विषयावरच्या बहुतेक सल्ल्यांत नेमका हाच भेद सुटतो. फुटबॉलचा सामना दूरचित्रवाणीच्या प्रक्षेपणासारख्या बाजूच्या कॅमेऱ्यातून दिसतो, तो कॅमेरा चेंडूबरोबर सतत आडवा सरकत असतो, आणि आडव्या सरकण्यात गोलचे खांब, मैदानावरील उभ्या रेघा, जाहिरातींचे फलक यांवरून जाणारी फाट डोळ्यांत खुपते. फाट आणि विलंब यांपैकी एकाची निवड करण्याची ही सक्ती क्रीडाखेळ खेळणाऱ्याला इतरांपेक्षा अधिक जाचक आहे.

या सक्तीतून सुटका मॉनिटरनेच चित्राची वाट पाहण्याच्या तंत्रामुळे झाली. एनव्हिडियाने २०१३ मध्ये ‘जी-सिंक’ जाहीर केले, आणि एएमडीचे ‘फ्रीसिंक’ २०१५ पासून बाजारातील मॉनिटरांत दिसू लागले. दोहोंचे तत्त्व एकच : मॉनिटरने ठराविक ठेक्यावर न चालता चित्र तयार होईल तेव्हा ते उमटवावे. मात्र ही व्यवस्था मॉनिटरच्या कमाल दराच्या आतच चालते; फ्रेमदर त्या कमाल मर्यादेला भिडला की व्ही-सिंकचे अडवणे आणि रांग दोन्ही परत येतात. यासाठी फ्रेमदराला कमाल दराच्या काही फ्रेम खाली बांध घालतात. १४४ हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला १४४ वेळा चित्र उमटवणाऱ्या मॉनिटरवर तो १३८ ते १४१ च्या दरम्यान असावा, हे आता सर्वमान्य झाले आहे. बांध घालण्याचा दुसरा, कमी बोलला जाणारा लाभ असा की, त्यामुळे ग्राफिक्स कार्डाला किंचित उसंत मिळते, ते प्रोसेसरच्या पुढे राहते आणि सूचनांची रांग मुळात लागतच नाही. कार्डाला शंभर टक्के राबवून ९० फ्रेम काढण्यापेक्षा ८० वर बांध घालून खेळल्यास विलंब पुष्कळदा कमी भरतो. आकडा घटला आणि खेळ चपळ झाला, हे पटायला जड जाते. पण या प्रश्नातील सर्वांत उपयोगी गोष्ट कोणती, तर हीच.

असा मॉनिटर नसलेल्या, म्हणजे साध्या ६० हर्ट्झच्या पडद्यावर खेळणाऱ्यांसाठीही मार्ग आहेत. व्ही-सिंक चालू ठेवून फ्रेमदराला मॉनिटरच्या प्रत्यक्ष दराहून अगदी किंचित, म्हणजे एका हर्ट्झच्या शंभराव्या भागाइतका कमी बांध घातला, तर अडवलेल्या चित्रांचा साठा होत नाही आणि विलंब पुष्कळ उतरतो. त्यासाठी आधी मॉनिटरचा खरा दर पाहावा लागतो, कारण ६० लिहिलेला पडदा प्रत्यक्षात ५९.९४ वर चालत असू शकतो. ‘रिव्हाट्यूनर स्टॅटिस्टिक्स सर्व्हर’ या विनामूल्य साधनात अशा सूक्ष्म बांधाची सोय आहे, तसेच व्ही-सिंक बंद ठेवून फाट पडद्याच्या कडेला, नजरेबाहेर नेऊन ठेवण्याचीही सोय आहे. दुसऱ्या उपायाला ग्राफिक्स कार्डात भरपूर शिल्लक ताकद लागते. ‘क्रिकेट ०७’सारखा २००६ सालचा, भारतात आजही नवे संघ आणि पोशाख घालून खेळला जाणारा खेळ त्यासाठी उत्तम, कारण आजच्या कार्डाला त्याचे ओझे जाणवतच नाही.

ग्राफिक्स कार्डांच्या निर्मात्यांनी हीच रांग मोडण्याचे काम नंतर स्वतःकडे घेतले. एएमडीचे ‘अँटी-लॅग’ आणि एनव्हिडियाचा कमी विलंबाचा पर्याय, दोन्ही २०१९ मध्ये आले आणि दोन्ही ड्रायव्हरमधून, म्हणजे खेळाच्या बाहेरून काम करतात. २०२० मध्ये आलेले एनव्हिडियाचे ‘रिफ्लेक्स’ खेळाच्या आत बसवावे लागते, आणि म्हणून ते अधिक परिणामकारक आहे : कंट्रोलरची स्थिती वाचण्यापूर्वी ते इंजिनाला क्षणभर थांबवते, जेणेकरून ताजी स्थिती वाचून तयार झालेल्या सूचना कार्ड मोकळे होण्याच्या सुमारासच तेथे पोहोचाव्यात. पंगतीसाठी पुऱ्या तासभर आधी तळून ठेवायच्या की पान वाढताना कढईतून काढायच्या, इतका हा साधा फरक आहे. बाहेरून हस्तक्षेप करण्याचा धोका २०२३ च्या ऑक्टोबरात उघड झाला, जेव्हा एएमडीचे ‘अँटी-लॅग प्लस’ खेळाच्या संहितेत शिरून काम करत असल्यामुळे ‘काउंटर-स्ट्राइक २’ खेळणाऱ्यांवर फसवणूकविरोधी यंत्रणेकडून बंदी येऊ लागली आणि कंपनीला ते मागे घ्यावे लागले. २०२४ मध्ये आलेले ‘अँटी-लॅग २’ खेळातच बसवण्याच्या पद्धतीचे आहे. ‘फिफा २३’पासून ईएच्या फुटबॉलमध्येही ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यापर्यंत पोहोचणारी फसवणूकविरोधी यंत्रणा आहे. ऑनलाइन सामन्यांत खेळाच्या प्रक्रियेत शिरणारी साधने वापरण्यापूर्वी हे लक्षात ठेवणे आवश्यक आहे.

याच कंपन्यांनी आणलेल्या फ्रेम जनरेशनविषयी मात्र स्पष्ट मत नोंदवले पाहिजे. दोन खऱ्या फ्रेमच्या मधे अंदाजाने एक कृत्रिम फ्रेम घालण्याचे हे तंत्र हालचाल गुळगुळीत दाखवते. परंतु मधली फ्रेम रचण्यासाठी पुढची खरी फ्रेम हातात असून रोखून धरावी लागते, त्यामुळे विलंब वाढतो. वेळ साधण्यावर उभ्या असलेल्या खेळांत ते वापरू नये. कमी रिझोल्यूशनवर चित्र काढून ते मोठे करण्याचे तंत्र याच्या उलट आहे. त्याने प्रत्येक फ्रेमचा काळ घटतो आणि विलंबही घटतो.

पडद्याच्या बाजूने पाहता फुटबॉलचे खेळ पुष्कळ घरांत दिवाणखान्यातील टीव्हीला संगणक जोडून खेळले जातात, आणि टीव्ही चित्र सुधारण्याच्या प्रक्रियांत सहज काही फ्रेम गिळतो. या प्रक्रिया टाळणारा टीव्हीवरील गेम मोड चालू करणे हा या लेखातील सर्वांत स्वस्त उपाय आहे. उच्च दराच्या मॉनिटरचा एक लाभ ६० फ्रेमवर बांधलेल्या खेळांनाही मिळतो : चित्र वरून खाली उमटवायला ६० हर्ट्झचा पडदा जवळजवळ १६ मिलिसेकंद घेतो, तर १४४ हर्ट्झचा पडदा तेच चित्र सातांत उमटवतो. लॅपटॉपमध्ये मोठ्या ग्राफिक्स कार्डाने काढलेले चित्र पुष्कळदा प्रोसेसरमधील लहान ग्राफिक्समार्गे पडद्यावर जाते. हा वळसा टाळण्याची कळ असल्यास ती वापरावी. विंडोजमध्ये खिडकीत चालणाऱ्या जुन्या खेळांना पूर्वी एक जादा प्रत काढण्याचा फेरा पडत असे. विंडोज ११ मध्ये तो टाळण्याचा पर्याय आहे. रजिस्ट्रीतील किल्ल्या बदलण्याच्या आणि संगणकाची घड्याळे बंद करण्याच्या ज्या असंख्य क्लृप्त्या प्रसृत आहेत, त्यांच्यामागे मोजमापाचा आधार क्वचितच असतो.

इतके सगळे केल्यावरही काही विलंब उरतो, आणि तो खेळाच्या रचनेत असतो. ‘ईए स्पोर्ट्स एफसी’ किंवा ‘ईफुटबॉल’ यांतील खेळाडू खऱ्या माणसांच्या टिपलेल्या हालचालींवर चालतो. डाव्या पायावर भार असताना उजवीकडे वळण्याचा हुकूम मिळाला तर आधी पाऊल टेकावे लागते. बटण येथे हुकूम देते, आणि शरीर जमेल तेव्हा तो पाळते. हा जडपणा दोष नव्हे. तो काढून टाकला तर फुटबॉलपटू बाहुल्यांसारखे सरकतील. परंतु यंत्रातला विलंब आणि शरीराचा जडपणा हे अनुभवात एकसारखेच भासतात, आणि त्यामुळे खेळणारे संगणकाला दोष देतात तेव्हा तो पुष्कळदा हालचालींच्या रचनेचा असतो, तर निर्माते वास्तवतेचे कारण सांगतात तेव्हा त्याआड यंत्रातला विलंबही लपू शकतो. ‘रॉकेट लीग’ने निराळी वाट धरली. त्यात धावणारे पाय नसून मोटारी आहेत, भौतिकीचे गणित सेकंदाला १२० वेळा होते, आणि ऑनलाइन सामन्यातही खेळणाऱ्याचे यंत्र सर्व्हरच्या उत्तराची वाट न पाहता परिणाम आधी दाखवून चूक असल्यास मागाहून दुरुस्त करते.

बावीस खेळाडूंच्या सामन्यात अशी दुरुस्ती करणे कठीण असते, कारण मागे जाऊन बदललेली एक धडक पुढच्या सगळ्या हालचाली बदलते. जेथे दोन्ही खेळणाऱ्यांच्या आज्ञा पोहोचल्यावरच सामना पुढे सरकवतात, तेथे नेटवर्कचा विलंब थेट इनपुट लॅग म्हणून हाताला जाणवतो. प्रकाशतंतूतून संदेश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. मुंबई ते सिंगापूर हे सुमारे ३,९०० किलोमीटर अंतर सरळ रेषेत धरले तरी जाण्यायेण्याला ३९ मिलिसेकंद लागतात, आणि ही निसर्गाची मर्यादा कोणतीही कंपनी ओलांडू शकत नाही. घरातली मर्यादा मात्र ओलांडता येते. घरातील दुसरे कोणी व्हिडिओ अपलोड करत असताना राउटरमध्ये माहितीच्या पुड्यांची (पॅकेटांची) रांग लागते आणि पिंग, म्हणजे संदेश जाऊन परत येण्याचा काळ, उसळतो. कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी २०१२ मध्ये मांडलेली ‘कोडेल’ ही पद्धत रांगेत पुडा किती वेळ थांबला हे पाहून ती आखूड ठेवते, आणि तिच्यावर आधारलेली सोय आता अनेक राउटरांत मिळते. ग्राफिक्स कार्डापुढची रांग आणि राउटरमधली रांग यांवरचा उपाय एकाच जातीचा निघावा, हे लक्षणीय आहे. दाट वस्तीच्या इमारतीत वायफायऐवजी तारेने जोडणी केल्यास विलंबाची स्थिरता सर्वाधिक सुधारते.

यांपैकी कोणताही बदल उपयोगी पडला की नाही, हे केवळ हाताला काय वाटते यावर ठरवू नये. सेकंदाला २४० चित्रे टिपणारा मोबाइलचा कॅमेरा कंट्रोलर आणि पडदा एकाच चौकटीत धरून ठेवला, तर बटण दाबणे आणि खेळाडूची पहिली हालचाल यांमधील चित्रे मोजता येतात. प्रत्येक चित्र ४.२ मिलिसेकंदांचे. एका मोजणीवर विसंबू नये. एकच कृती अनेकदा करून सरासरी आणि सर्वांत कमी-अधिक आकड्यांतील अंतर दोन्ही पाहावेत, कारण स्थिरता त्या अंतरातच दिसते. इंटेलचे ‘प्रेझेंटमॉन’ हे विनामूल्य साधन फ्रेमच्या प्रवासाचा आतला हिशेब देते.

ही सारी खटपट खेळणाऱ्याने करावी, अशी आजची स्थिती आहे, आणि ती न्याय्य नाही. रिफ्लेक्ससारख्या सोयी सर्वप्रथम ‘फोर्टनाइट’ आणि ‘व्हॅलोरंट’ यांसारख्या नेमबाजीच्या खेळांत आल्या, कारण तेथील खेळणाऱ्यांनी विलंबाचा आकडा मागितला. २०२३ मध्ये हांगझोऊ येथे झालेल्या आशियाई क्रीडास्पर्धांत संगणकावरील फुटबॉलला पदकांचा मान मिळाला आहे; अशा खेळाच्या निर्मात्यांनी फ्रेमदराचा सूक्ष्म बांध आणि रांग आखूड ठेवण्याचा पर्याय खेळाच्या आतच द्यावा, आणि प्रत्येक नव्या आवृत्तीबरोबर बटणापासून पडद्यापर्यंतचा मोजलेला विलंब प्रसिद्ध करावा.